चिचुंद्रीची शेंग आणि आक्कांचा जुना ट्रॅक्टर

एक होती चिचुंद्री. तिला तीन पिल्लं. आई पुढं, पिल्लं मागं, एकमेकांची शेपटी तोंडात धरून. लुटुलुटु, लुटुलुटु.

एकदा काय झालं, नांगरलेल्या शेतात तिला भुईमुगाची शेंग मिळाली. चांगली लांबलचक, चार दाण्यांची! तेवढ्यात एक ढेकूळ घरंगळलं. गडगड, गडगड, धप्प! शेंग गेली खाली. पिल्लं तर सकाळपासून उपाशी.

"ढेकूळदादा, माझी शेंग दे."

ढेकूळ म्हणालं, "कुळव हलेल तर फुटेन."

चिचुंद्री गेली ढेकळं फोडणाऱ्या कुळवाकडे. लुटुलुटु, लुटुलुटु.

"कुळवदादा, कुळवदादा,
ढेकूळ फुटेना, शेंग मिळेना,
पिल्लांना देऊ काय?"

कुळव म्हणाला, "ट्रॅक्टर उठेल तर हलेन."

बांधावर होता नवा ट्रॅक्टर. कसा चकचकीत! शेत होतं सगुणाआक्कांचं. जुना द्यावा, नवा घ्यावा, असं त्यांच्या मनात होतं. म्हणून हा चार दिवस बघायला आणलेला. लुटुलुटु, लुटुलुटु.

"नव्या दादा, नव्या दादा,
कुळव हलेना,
ढेकूळ फुटेना, शेंग मिळेना,
पिल्लांना देऊ काय?"

नवा म्हणाला, "माझा लाल दिवा लागलाय. शहरातून दुरुस्तीवाले साहेब येतील तर उठेन. उद्या येतील. नाहीतर परवा."

परवा? पिल्लांच्या पोटात तर आत्ताच कावळे ओरडत होते!

बाभळीखाली होता जुना ट्रॅक्टर. रंग उडालेला, पत्र्याला पोचे आलेले. ना नव्यासारखी स्क्रीन, ना बटणं. पण मोठा गुणाचा! लुटुलुटु, लुटुलुटु.

"जुन्या आजोबा, जुन्या आजोबा,
नवा उठेना, कुळव हलेना,
ढेकूळ फुटेना, शेंग मिळेना,
पिल्लांना देऊ काय?"

जुना म्हणाला, "मी तयारच आहे, बाळ. हँडल फिरेल तर उठेन."

हँडल टांगलं होतं खिळ्याला.

"हँडलदादा, हँडलदादा,
जुना उठेना,
नवा उठेना, कुळव हलेना,
ढेकूळ फुटेना, शेंग मिळेना,
पिल्लांना देऊ काय?"

हँडल म्हणालं, "आक्का धरतील तर फिरेन."

आक्का बसल्या होत्या साहेबांची वाट बघत. लुटुलुटु, लुटुलुटु.

"सगुणाआक्का, सगुणाआक्का,
हँडल फिरेना, जुना उठेना,
नवा उठेना, कुळव हलेना,
ढेकूळ फुटेना, शेंग मिळेना,
पिल्लांना देऊ काय?"

आक्कांना आपलंच हसू आलं. "अगं बाई, घरचा तयार असताना मी कुणाची वाट बघतेय?"

पदर खोचला. आक्कांनी हँडल धरलं. हँडल फिरलं. घर्र... घर्र... फट्! जुना उठला. फट् फट् फट् फट्! कुळव हलला. ढेकूळ फुटलं. शेंग मिळाली.

नवा मात्र जागच्या जागी. लाल दिवा लुकलुक, लुकलुक.

आक्कांनी जुन्याच्या पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, "माझ्या हातानं उठतो, माझ्या हातानं दुरुस्त होतो. हाच माझा. तो नवा जाऊ दे परत."

आणि शेंग? कट्ट! एक दाणा पिल्लाला, एक पिल्लाला, एक पिल्लाला. आणि एक आईला.

शेंग फुटली कट्ट, गोष्ट संपली पट्ट!