तंतोतंत

गड ओस पडला, त्या काळची गोष्ट. देवडीच्या छताला सारे कोळी मिळून एकच मोठं जाळं विणत. विणकर निवडायचे ते म्हाताऱ्या नानांनी. आजवर त्यांनी एकही कोळीण घेतली नव्हती.

एकदा बारकी नावाची कोळीण आपला धागा घेऊन आली. नानांनी तो ताणून पाहिला. तुटेना.

"धागा चिवट आहे, बाई," नाना म्हणाले. "पण वीण वेगळी पडते. आम्हाला तंतोतंत आमच्यासारखा विणकर लागतो."

"म्हणूनच तुम्हा सगळ्यांच्या हातून एकाच जागी भोक राहतंय, नाना. त्या तुळईपाशी बघा."

नानांनी पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. कुणालाच काही दिसलं नाही. बारकी निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून रोज एक कोळी कमी होऊ लागला. ना जाळं हाले, ना कुणी ओरडे. नाना त्या जागी नवा नेमत, तंतोतंत तसाच. मग नेमायलाही कुणी उरलं नाही.

एकट्या नानांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ती पुन्हा चुकचुकली, तेव्हा त्यांना कळलं, की आवाज मनातून येत नाहीये. तुळईपासून येतोय.