आखूड नळी

“दवाखान्यात नेताना गाडी ओढ्यातल्या दगडावर टेकली नसती, तर दादा वाचला असता का?” केरबाने हे वाडीत सगळ्यांना विचारलं. गाड्या माणसांशी बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट.

आता वैनीचे दिवस भरत आले होते आणि दवाखाना ओढ्यापलीकडेच होता. केरबाने दादाची जुनी स्टेशन वॅगन स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे देऊन चार बोटं उंच केली आणि तिला जाड नक्षीचे मोठे टायर चढवले.

“आता ओढा काय, डोंगर आणा!” टायर म्हणाले.

“मला कुणी विचारलं का?” चाकामागून ब्रेकचं तेल नेणारी नळी म्हणाली. “गाडी वर गेली, मी होते तेवढीच राहिले. चाक खड्ड्यात लोंबलं की मी तुटणार. मग उतारावर गाडी थांबवणार कोण?”

“म्हातारे, तू गप धूळ खा!” टायर हसले.

“नळीचं उद्या बघू,” म्हणत केरबाने किल्ली फिरवली. गाडी जागची हलली नाही.

“दादा गेला तो दगडामुळे,” गाडी म्हणाली. “वैनी गेली, तर कुणाला विचारशील?”

केरबाने टायरला लाथ घातली आणि तो तिथेच बसून खूप रडला. मग चालत तालुक्याला गेला, लांब नळी आणली, बसवली, ब्रेकमधली हवा काढली. वाडीच्या उतारावर दहा वेळा गाडी थांबवून पाहिली आणि मगच वैनीसाठी दार उघडलं.