आमटीत मीठ नाही

"बुरुडवाडीतल्या लोकांनी येत्या अमावास्येच्या आत आपापल्या घरी निघून जावं होऽऽ!"

दवंडीवाला पुढं गेला आणि बुरुडवाडी एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. घरी जायचं म्हणजे कुठं? घर तर हेच! इथंच बांबू चिरायचे, इथंच सुपं-टोपल्या विणायच्या, इथंच म्हातारं व्हायचं.

कारण साधं होतं. वेळूगडचे राजे धैर्यशीलराव यांच्या वाड्याला तीन बाजूंनी बाग होती आणि चौथ्या बाजूला बुरुडवाडी. बागेतल्या मोरांना फिरायला जागा पुरत नव्हती. मोरांचे हाल राजांना बघवेनात. प्रजेवर माया असावी तर अशी! मोर प्रजेत मोडतात आणि बुरूड मोडत नाहीत, हा शोध दिवाण त्र्यंबकपंतांचा. "बुरुडांचे पणजे घाटाखालून आले, महाराज. म्हणजे हे पाहुणेच. पाहुण्यांनी इतकं राहू नये!"

वाडीतल्या बाळोबा बुरुडाची लेक हौसा दुसऱ्याच दिवशी बापाला घेऊन दरबारात उभी राहिली.

"महाराज, आमचं घर कुठं आहे तेवढं सांगा. आजच निघतो."

"जिथून आलात तिथं!" दिवाण मध्येच कडाडले. "बाहेरून आला तो बाहेरचा. इतकं सोपं आहे!"

"बरं झालं, सोपं आहे ते. मग राणीसाहेब कुठून आल्या?"

"त्या... माहेराहून."

"आणि महाराजांचा जन्म कुठला?"

"आजोळचा. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे काय तुला..." दिवाणांनी जीभ चावली.

"म्हणजे महाराजही अंगड्या-टोपड्यात बाहेरूनच आले की!" हौसा म्हणाली. "अमावास्येला आमच्या गाडीत जागा धरून ठेवू का?"

बाळोबानं लेकीचा पदर मागून ओढला, पण बोलून झालं होतं. राजे लालबुंद झाले. हुकूम मागं घ्यावा तर मान खाली जाणार, आणि मान खाली घालायची सवय त्यांना नव्हती.

"फार शहाणी आहेस! मग तूच दाखव, घरचा कोण नि पाहुणा कोण. शपथा नकोत, साक्षीदार नकोत. आम्हाला आमच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. उद्या दुपारपर्यंत! नाही जमलं, तर अमावास्येचीही वाट बघणार नाही. संध्याकाळी वाडीवर नांगर फिरेल!"

हौसा म्हणाली, "दाखवते, महाराज. उद्या वाड्यावर पंगत घाला. दरबारी येऊ देत, आमचे आबा येऊ देत. आणि तुमच्या आचाऱ्याला उद्यापुरतं माझं ऐकायला सांगा."

"एवढंच?" राजांना हसू आलं. "दिलं!"

घरी जाताना बाळोबा वाटभर कुरकुरत होता. "पोरी, राजाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?"

"गप्प बसूनही कुठं होतंय, आबा?" हौसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चांदीची ताटं मांडली गेली. भात आला, वर आमटी आली. राजांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. ते ओरडणार, तोच हौसानं हात जोडले. "महाराज, जरा दम धरा. आधी बाकीच्यांना विचारा!"

राजांनी घास कसाबसा गिळला. "दिवाणजी, आमटी कशी झालीय?"

"अमृत, महाराज!" दिवाणांनी बोटं चाटली. "वाढप्या, इकडं आण रे अजून!"

"सेनापती?"

"लढाई सोडून आमटीच खात बसावं असं वाटतंय, महाराज!"

राजवैद्य म्हणाले, तब्येतीला उत्तम. दरबारातल्या कवींचे तर डोळे पाण्यानं भरले. साऱ्या पंगतीत वाहवा चालली होती, तेवढ्यात कडेच्या पाटावरून आवाज आला.

"यात मीठ कुठंय?"

बाळोबा होता. एकदा तोंड उघडल्यावर म्हाताऱ्याला थांबवेना. "राजाचा वाडा आणि आमटीला मीठ नाही? तसं या गावात धड आहे तरी काय! नदीच्या घाटाची पायरी निखळलीय, बायका घागरीसकट पडतात. वेशीत चिखल. सांगून सांगून जीभ झिजली माझी!"

"अरे उद्धटा!" दिवाण ताडकन उठले. "राजाच्या घरी जेवतोस आणि नावं ठेवतोस?"

"मीठ नाहीच आमटीत," हौसा म्हणाली. "मीच घालू दिलं नाही. महाराज, पाहुणा कधी नावं ठेवत नाही. कशाला ठेवेल? त्याला उद्या दुसरीकडं जेवायचं असतं! ज्याला उद्याही इथंच जेवायचंय, तोच मीठ मागतो. आता बघा तुमच्या डोळ्यांनी, घरचा कोण ते!"

राजांनी पंगतीवर नजर फिरवली. कवी डोळे पुसत होते. सेनापती ताटात बघत होते. दिवाणांच्या वाटीत दुसऱ्यांदा घेतलेली आमटी होती.

राजांच्या मिशीचं टोक हललं, मग खांदे हलले आणि मग ते असे खदखदून हसले की बागेतले मोर दचकून ओरडायला लागले.

"म्हणजे दिवाणजी, पाहुणे तुम्ही! मग निघायचं कधी ठरवलंय?"

दिवाणांनी आमटीची वाटी हळूच ताटामागं सरकवली.

"हुकूम रद्द!" राजे हसू आवरत म्हणाले. "बुरुडवाडीची जागा आजपासून बुरुडांची, कायमची. घाटाची पायरी उद्याच बसवू. वेशीत खडी टाकू. आणि ही घे, हौसा!" त्यांनी बोटातली अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली. "बाळोबा, अजून काही तक्रार?"

"आहे की!" म्हातारा पाटावर सरसावून बसला. "पण आधी मीठ आणा."

दिवाणांनी इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, "खरं सांगायचं तर महाराज, भातसुद्धा जरा कच्चाच राहिलाय!"

भात उत्तम शिजला होता. राजे पोट धरून पुन्हा हसत सुटले.