घागऱ्यातला गडी

सूर्य मावळायच्या आत म्हाळूला वेशीबाहेर हाकलायचं, असा हुकूम सुटला होता. गुन्हा काय? तर त्याने घागरा घातला!

त्याचा तरी काय इलाज होता? हळद शिजवताना काहील कलंडली आणि उकळतं पाणी मांड्यांवर आलं. धोतर नेसलं की फोड सोलवटायचे. शेवटी त्याच्या बायकोने, गोजराने, जुन्या लुगड्याचा घोळदार घागरा शिवला, तेव्हा कुठे बिचाऱ्याला धड चालता आलं. पण भर बाजारात लोक पोट धरधरून हसले आणि रायाजी कोतवालाने त्याला थेट दरबारात उभं केलं.

नागझरीचा राजा विरमदेव महाहट्टी. फोड बघूनही विरघळला नाही. गडीच घागरे घालू लागले तर गडी कोण नि बाई कोण हे कळणार कसं, म्हणत तो तावातावाने उठला, तसा त्याचा गुलबक्षी जामा घोट्यांभोवती गरकन फिरून खाली बसला. नवऱ्यामागोमाग दरबारात आलेली गोजरा तेवढंच बघत राहिली.

"म्हाराज, कपड्यावरनं गडी वळखता येतो म्हणता?"

"माझा कोतवाल तर नुसता कमरेखालचा कपडा बघून सांगेल. तोंड बघायचीही गरज नाही!"

"मग सांगू द्या त्यास्नी. बरूबर निघालं तर आमी दोघंबी गाव सोडतो. चुकलं तर माज्या धन्याला माफी."

राजाने मान्य केलं. कोतवालाला बाजारात जाऊन थांबायला सांगितलं. तो गेल्यावर गोजराने लग्नातला अंतरपाट मागितला. अंतरपाटाआड तिघांनी उभं राहायचं, लोकांना दिसायचं ते फक्त कमरेखालचं. एक ती, दुसरा म्हाळू, आणि तिसरे खुद्द महाराज. कोतवाल धन्याचे पाय ओळखणार नाही तर कुणाचे, असं ती भोळेपणाने म्हणाली, आणि राजाही हौसेने तयार झाला.

बंद मेण्यातून राजा बाजारात आला आणि कुणाला पत्ता लागायच्या आत अंतरपाटाआड शिरला. गोजराने लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत घट्ट खोचला आणि पाय चिखलात इतके बुडवले की जोडवीही दिसेनात. म्हाळूला तिने दुसऱ्याच रंगाचा घागरा नेसवला, त्याचे पाय हळदीने पिवळेधमक होतेच.

रायाजीने मिशीला पीळ दिला आणि गोजराच्या पायांकडे बोट केलं. "ह्यो गडी. काष्टा बघा की, पैलवान दिसतोय!" मग म्हाळूकडे वळला. "ही बाई. हळद लागलीया, नवरी असंल." महाराज इथे असतील हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं; शेवटी गुलबक्षी घेरापाशी थांबून तो खुदकन हसला. "आन् ही तर नाचणारीण! केवढा तो घेर, पायात सोन्याचा तोडा, आन् उभी कशी ऐटीत!"

बाजार खदाखदा हसला. कुणीतरी शिट्टीही घातली.

गोजराने अंतरपाट खाली ओढला. समोर खुद्द महाराज दिसताच रायाजीने मिशीवरचा हात काढून घाईघाईने मुजरा ठोकला.

गोजरा अदबीने म्हणाली, "कोतवालसायेब, घेरातले गडी दोन निघाले. हुकूम एकच हाय. आदी कुणाला वेशीभायेर नेताय?"

राजाने आपल्या जाम्याकडे पाहिलं, म्हाळूच्या घागऱ्याकडे पाहिलं, आणि इतका हसला की त्याला म्हाळूच्याच खांद्याचा आधार घ्यावा लागला.

"याला हाकललं तर मलाही बरोबर जावं लागेल, आणि मला तर हळदही शिजवता येत नाही!"

त्याने गोजराला वेशीजवळचा हळदीचा मळा इनाम दिला आणि म्हाळूसाठी जरीकाठी घागरा शिवायला शिंपी बोलावला.  म्हाळूने हात जोडले.

"जरीची किनार नगं म्हाराज, टोचती. तुमचा जुना जामा असंल तर बगा, मऊ झाला असंल!"