ओतारणीचे चोवीस साचे

फार जुन्या काळी, खोटं बोललं की शेंडीला आपोआप गाठ पडते असं लोक मानत आणि रोज सकाळी गुपचूप शेंडी चाचपून पाहत, तेव्हाची ही गोष्ट.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात एक दुकान. केवढं मोठं? एका दारानं नवरा शिरला आणि दुसऱ्या दारानं बायको, तर संध्याकाळपर्यंत दोघांची गाठ पडत नसे. कित्येक नवरे तर तेवढ्याचसाठी बाजाराला येत. सुईपासून नांगराच्या फाळापर्यंत सगळं तिथं मिळे, आणि सगळं घाटापलीकडून येई.

एका पावसाळ्यात घाट कोसळला. पोळा आला, पण घंटा आल्या नाहीत. त्या गावची रीत अशी, की गळ्यात नवी घंटा बांधल्याशिवाय बैलाला पोळ्याला वेशीखालून न्यायचं नाही. त्या वर्षी बैल गोठ्यातच राहिले.

दुकानाच्या शेटजींना ते लागलं. त्यांनी माल पुरवणाऱ्या सगळ्या व्यापाऱ्यांना बोलावलं. म्हणाले, "जे इथं घडू शकतं ते इथंच घडवा. घडवाल तेवढं मी घेईन. पुन्हा पलीकडचं आणाल, तर माझ्या दारात उभं राहू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं? बैलसुद्धा डोलावतो. घंटावाल्या व्यापाऱ्याची मान मात्र अर्ध्यावर अडली. गावात घंटा ओतणारी एकच उरली होती, वेशीबाहेरची म्हातारी ओतारीण. तिची भट्टी वीस वर्षांपूर्वी विझली होती. विझवली होती त्यानंच, पलीकडच्या स्वस्त घंटा आणून.

तरी तो गेला. शेटजींचं दार बंद झालं, तर त्याला दुसरं काही येत नव्हतं.

"मावशी, ओळखलंत का?"

"तुला न ओळखून कसं चालेल, बाबा? रोज चूल पेटवताना भट्टी दिसते, आणि भट्टी दिसली की तू."

त्यानं खाली बघत सगळं सांगितलं. म्हातारीनं विझलेल्या भट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझे हात कापतात आता. माती थापता येते, पण काशाचा तापलेला रस ओतताना हात थरथरून चालत नाही. चार माणसं दे शिकायला. वर्षभर कोळसा दे. पहिल्या घंटा फुटतील, काही बोबड्या वाजतील. तेवढ्या पोटात घाल. दुसऱ्या वर्षी ऐक."

"दोन वर्षं? शेटजी थांबायचे नाहीत, मावशी."

"विचारलंस त्यांना?"

त्यानं विचारलं नव्हतं. "उद्या माणसं पाठवतो," म्हणून तो उठला. वाटेत शेंडी चाचपली. गाठ नव्हती. मग काय, धीरच आला!

घाट मोकळा झाल्यावर त्यानं पलीकडूनच घंटा आणल्या, थोड्या थोड्या. राखेनं चोळून चकाकी घालवली, गावचा दोरा ओवला आणि दुकानात नेऊन ठेवल्या. शेटजी हरखले. "बघा! मनावर घेतलं की होतं!" ते भेटेल त्याला सांगत सुटले. भट्टी मात्र बघायला गेले नाहीत. ती त्यांच्या दुकानाच्या मागच्या दारापेक्षा जवळ होती.

पुढल्या आषाढात घाट पुन्हा कोसळला. पोळा आठवड्यावर आला आणि दुकानात एकही घंटा उरली नव्हती.

"पोळ्याच्या घंटा कुठं आहेत?" शेटजींनी विचारलं.

"काय करू शेटजी, घाट बंद आहे ना," व्यापारी बोलून गेला.

शेटजी त्याच्याकडे बघत राहिले. "घाट बंद झाला म्हणून वेशीबाहेरची भट्टी कशी अडली?"

व्यापाऱ्याचा हात आपोआप शेंडीकडे गेला.

व्यापारी धावत ओतारणीकडे गेला. दार उघडंच होतं. शेजारची कुंभारीण बाहेर आली. "अकरा दिवस झाले मावशीला जाऊन," ती म्हणाली. "तुमची माणसं येणार म्हणून वर्षभर रोज ओसरीवर चार घोंगड्या अंथरायची आणि संध्याकाळी झटकून घडी घालायची. आम्ही हसायचो."

आत भिंतीशी घंटांचे चोवीस मातीचे साचे ओळीनं मांडले होते. कापऱ्या हातांची बोटं त्यांवर उमटली होती. फक्त ओतायचं बाकी होतं. तांबं किती, कथील किती, रस कोणत्या रंगाला आला की ओतायचा, हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानं ते साचे पाटीत भरून दुकानात आणले. शेटजींनी एक उचलला, कानाशी नेला, ठेवला. "मीही माल मागितला, भट्टी पाहिली नाही," ते म्हणाले. त्यांनी व्यापाऱ्याला हाकललं नाही. ते साचे घंटांच्या फळीवर मांडायला लावले आणि पोळ्याच्या दिवशी त्याला तिथं उभं केलं.

शेतकरी येत, साचा हातात घेऊन हलवत. "अहो, हा वाजत का नाही?"

"यात आवाज ओतणारी होती," तो सांगे. "ती माझी वाट पाहत राहिली."

दिवस मावळेपर्यंत त्यानं हेच सांगितलं. शेंडीला गाठ पडली नाही, पण मान वर होईना. त्या पोळ्यालाही बैल गोठ्यातच राहिले.

बोध एवढाच: घरचा माल हवा असेल, तर घरच्या हातांना वेळेवर हाक द्यावी आणि त्यांच्यासाठी थांबावं, कारण हात काही आपल्यासाठी थांबून राहत नाहीत.