दौलतरावांना दाखवलेली हवा

ऐन हंगामात साखर कारखान्याच्या फाटकातच उसाचा ट्रक बंद पडला आणि मागे गाड्यांची रांग लागली. शमीम मेस्त्रिणीनं डिझेलचा फिल्टर बदलला, तरी इंजिन सुरू होईना.

"पाइपात हवा अडकलीय," ती म्हणाली.

चेअरमन दौलतराव तिथंच उभे होते. "काम येत नाही असं सरळ सांग की. हवा असेल तर मला दाखव, नाहीतर उद्यापासून या फाटकात पाऊल टाकायचं नाही."

शमीमचं घर या फाटकातल्या कामावरच चालायचं. ती वाद घालत बसली नाही. तिनं फिल्टरवरच्या तोटीला पारदर्शक नळी जोडली, तिचं दुसरं टोक डिझेल भरलेल्या बाटलीत बुडवलं आणि तोटी सैल करून इंजिनाचा हातपंप दाबू लागली. बाटलीत भराभर बुडबुडे उठले. ते थांबल्यावर तिनं तोटी आवळली. ड्रायव्हरनं चावी फिरवताच इंजिन धडधडू लागलं.

"एवढ्याशा हवेनं एवढा ट्रक अडला?" दौलतराव पुटपुटले.

"साहेब, हवा चाकात असली की गाडी पळते," शमीम हात पुसत म्हणाली. "ती वर शिरली, की मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो."

रांगेतले ड्रायव्हर हसू दाबत गाड्यांकडे वळले. दौलतरावांनी बाजूला होऊन ट्रकला वाट दिली.