हैबतरावांचा अंगठा आणि सहाबारी पिस्तूल

डोंगराच्या ऐन कुशीत भेंडवड नावाचं गाव होतं आणि त्या गावाला हैबतराव नावाचे पाटील होते. पाटील म्हणजे कसे? उंचेपुरे, गालापर्यंत मिशा, आणि आवाज असा की ओसरीवर खोकले तरी पलीकडच्या आळीतली भांडणं थांबायची. भ्यालेलं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि हीच तर सगळी अडचण झाली.

गावातून बाहेर पडायला वाट एकच, कारवीच्या खिंडीतली. खालच्या पेठेत दर गुरुवारी बाजार भरे. मीठ, तेल, कापड, जे काही लागेल ते तिथून आणायचं. खिंडीत अस्वलांचा वावर होता, म्हणून सगळे रांगेनं जात. पुढे म्हाळू धनगर पत्र्याचा डबा बडवत चाले, म्हणजे जनावर आवाजानं बाजूला होई. त्याच्या मागे हत्यार घेऊन पाटील, आणि पाटलांच्या मागे सारा गाव. म्हाळूचे दोन्ही हात डबा बडवण्यात गुंतलेले. त्याला कुणी विचारलं, "तुला भीती नाही वाटत का रे?" की तो म्हणे, "मागं पाटील आहेत की!"

त्या वर्षी खिंडीत एका अस्वलिणीनं पिलं घातली. झालं! डब्याला ती जुमानेना. होळीच्या सुमारास तिनं दोघांना फाडलं. पाटलांची ठासणीची बंदूक लांब नळीची. कारवीच्या झुडपांत अडकायची, वळवता वळायची नाही. गावानं संस्थानच्या दरबारात अर्ज केला आणि दरबारानं गावाच्या नावे एका आखूड हत्याराचा परवाना दिला. घराघरातून वर्गणी निघाली. अस्वल जागच्या जागी लोळेल असं मोठ्या गोळीचं सहाबारी पिस्तूल आणायचं ठरलं. निवडायचं कुणी? पाटलांनी. त्यात विचारायचं काय!

पण हैबतरावांचं एक गुपित होतं. माघ महिन्यात त्यांच्या उजव्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला होता. अंगठा पिकला, ठणकला, वैदूनं चीर दिली. जखम भरली, पण अंगठ्यातला जोर गेला तो गेलाच. बाकीची बोटं ठणठणीत होती. अंगठा मात्र नुसता शोभेचा राहिला. सुपारी कातरायला घेतली तर अडकित्ता निसटायचा. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, चिमाबाईला.

निघताना चिमाबाई म्हणाली, "अहो, त्या दुकानदाराला अंगठ्याचं सांगा हं."

"सांगतो, सांगतो," हैबतराव म्हणाले. "जगाला दवंडी पिटून सांगतो!"

हैबतराव म्हाळूला बरोबर घेऊन संस्थानच्या राजधानीच्या गावी निघाले.

तिथं तय्यबभाईंचं दुकान होतं. म्हातारा माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा, बोटांना कायमचा तेलाचा वास. दरबारची हत्यारं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी गादीवर फडकं पसरलं आणि त्यावर दोन पिस्तुलं ठेवली.

पहिलं केवढं थोरलं! हातभर नाही, पण वीतभर नळी तर नक्कीच. पंचेचाळीस बोअरचं, वजनाला चांगलं दणदणीत, मुठीला काळं शिसवी लाकूड. म्हाळूच्या तोंडून नुसतं "आयाई गं!" निघालं. दुसरं त्याच्यापुढे अगदीच साधं, आखूड, ठेंगणं.

तय्यबभाई म्हणाले, "पाटीलसाहेब, या थोरल्याची गोळी अस्वलाला जागच्या जागी लोळवते. पण याची तऱ्हा वेगळी. दर गोळीला मागचा घोडा अंगठ्यानं ओढून चढवायचा, मग बोटानं चाप दाबायचा. नुसता चाप दाबलात तर काहीही होणार नाही. घोडा ताठ आहे, अंगठा दणकट हवा. आणि घोडा चढवून वाट चालायची नाही. ठेच लागली तर पुढच्या माणसाच्या पाठीत गोळी जाईल."

"आणि हे दुसरं?"

"याला अंगठा लागत नाही. चाप दाबत राहा, गोळ्या सुटत राहतील. गोळी थोडी लहान आहे. एक पुरली नाही तर लगेच दुसरी घाला."

हैबतरावांची नजर त्या साध्या पिस्तुलावर गेली. हेच आपलं, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं होतं. खरं सांगतो, कळलं होतं! तेवढ्यात म्हाळू हसून म्हणाला, "शेठ, ते बारकं ठेवा आत. आमच्या पाटलांच्या हातात ते खेळणं दिसंल."

झालं. हैबतरावांचा हात थोरल्याकडे गेला.

तय्यबभाईंनी मान हलवली. "माझा एक नियम आहे. समोर एका हातानं तीनदा घोडा चढवून दाखवायचा. त्याशिवाय हे मी विकत नाही."

हैबतरावांनी पिस्तुलाची मूठ उजव्या हातात धरली. म्हाळू कौतुकानं त्यांच्या हाताकडे बघत होता. अंगठ्याखाली घोड्याची थंडगार शेपटी होती आणि अंगठा जागचा हलत नव्हता.

तय्यबभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. हळूच विचारलं, "हाताला काही लागलंय का? लागलं असेल तर सांगा. त्यात काय एवढं?"

दोन शब्द बोलायचे होते हो! 'अंगठा अधू' एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण म्हाळू मध्येच बोलला, "पाटलांच्या हाताला? शेठ, ह्या हातानं त्यांनी रानडुकराला भाल्यावर घेतलंय, मी डोळ्यांनी बघितलंय."

हैबतरावांनी ते दोन शब्द गिळले. त्यांच्या घराण्यात एक रीत होती. नवी तलवार आली की खंडेनवमीला तिची पूजा होईपर्यंत ती म्यानातून उपसायची नाही. ती रीत त्यांनी बेधडक पिस्तुलावर चढवली. "शेठ," ते म्हणाले, "नव्या हत्याराचा घोडा आम्ही पूजेआधी ओढत नाही. बापजाद्यांची रीत आहे."

रीत म्हटल्यावर म्हातारा काय बोलणार? त्यानं पिस्तूल पुसलं. मग नाइलाजानं त्यानं ते फडक्यात गुंडाळून दिलं.

घरी आल्यावर हैबतरावांनी माजघराचं दार लावून घेतलं आणि रिकाम्या पिस्तुलाचा घोडा ओढून पाहिला. अंगठा घसरला. पुन्हा घसरला. गुडघ्यांत पिस्तूल धरून डाव्या हातानं ओढला तेव्हा कुठे तो चढला. 'येईल सवयीनं' असं म्हणून त्यांनी पिस्तूल फडताळात ठेवलं. सवय करायची तर कुणीतरी बघणार, म्हणून सवयही केली नाही. पावसाळा तसाच गेला.

खंडेनवमी आली. पिस्तुलाला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. लोक म्हणाले, "पाटील, एक बार उडवा की!" हैबतराव गरजले, "हत्यार काय तमाशाला आणलंय?" लोकांना वाटलं, वा! शिस्त म्हणावी तर ही.

दसरा झाला आणि पहिल्या गुरुवारी रांग निघाली. पावसात खिंडीतली वाट बंद, त्यामुळे चार महिने कुणी पेठ पाहिली नव्हती. घराघरातलं मीठ संपलं होतं. बायाबापड्या, म्हातारीकोतारी, सगळी आली होती, कारण पाटलांच्या कमरेला ते थोरलं पिस्तूल होतं.

रांग खिंडीच्या तोंडाशी आली. कारवी दोन पुरुष उंच वाढली होती. चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. घोडा आत्ताच डाव्या हातानं चढवून ठेवावा, असं हैबतरावांच्या मनात आलं. हात कमरेकडे गेलासुद्धा. पण समोर म्हाळूची पाठ होती, घामानं चिकटलेल्या बंडीतली. वाट सगळी दगडाधोंड्यांची. ठेच लागली तर? त्यांनी हात मागे घेतला. 'आज ती नसेलच,' असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

म्हाळू डबा बडवत होता. धड्ड, धड्ड, धड्ड. मध्येच त्याचा हात थांबला. डावीकडची कारवी हलली. त्यातून एक पिलू लुटूलुटू वाटेवर आलं आणि म्हाळूच्या पायांजवळ उभं राहिलं.

मागून एक बाई किंचाळली. पिलू ओरडलं. आणि कारवी फाडत अस्वलीण आली.

म्हाळूनं मागे वळूनही पाहिलं नाही. डबा छातीशी धरून तो नुसता ओरडला, "पाटील, हाणा!"

हैबतरावांनी पिस्तूल काढलं. अंगठा घोड्यावर टेकवला, सारा जीव त्या अंगठ्यात आणला. घोडा अर्धा उठला आणि निसटला. अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा निसटला. म्हाळू खाली पडला होता आणि ती त्याच्यावर होती. "पाटील! पाटील!" हैबतरावांनी पिस्तूल पोटाशी दाबलं, डाव्या हातानं घोडा खेचला, हात पुढे केला आणि चाप दाबला. कानठळ्या बसल्या. गोळी अस्वलिणीच्या खांद्यात शिरली. ती कोलमडली, उठली आणि पिलाला पुढे घालून कारवीत घुसली. तिचा आवाज दूर दूर गेला.

हे सगळं किती वेळात झालं? पाचसहा श्वास, त्याहून जास्त नाही. पण म्हाळूचा उजवा गाल फाटला होता, आणि त्या बाजूचा डोळा गेला होता.

म्हाळू जगला. पंधरवड्यानं तो तोंडाला फडकं गुंडाळून चावडीवर आला. सगळा गाव जमला होता. लोक चिडले होते, पण पाटलांवर नव्हे, तय्यबभाईंवर! "म्हाताऱ्यानं सडकं हत्यार गळ्यात मारलं. घोडा अडकत होता, आम्ही बघितलं ना. चला, त्याचं दुकान फोडू. दरबारात ओढू त्याला." कुणी काठ्या आणायला धावलं.

म्हाळू आपल्या राहिलेल्या डोळ्यानं पाटलांकडे पाहत म्हणाला, "घोडा अडकला हो, पाटील. नाहीतर तुम्ही का उशीर कराल?"

बघा म्हणजे! ज्याचा डोळा गेला, तोच सुटकेचं दार उघडून धरत होता. हैबतरावांनी नुसती मान डोलवायची होती. तय्यबभाई लांब राहायचे, एकटे, म्हातारे. त्यांचं कोण ऐकणार? काठ्या गोळा होत होत्या. माणसं जोडे घालून उठली होती. दोघेतिघे तर वेशीपर्यंत पोचलेसुद्धा. हैबतराव उठून चावडीच्या पायरीवर आले.

"थांबा!" ते ओरडले. "माघारी बोलवा त्यांना."

सगळे वळले. हैबतरावांनी पिस्तूल रिकामं करून चावडीच्या फरशीवर ठेवलं. उजवा हात सगळ्यांसमोर उघडा केला.

"पिस्तूल चांगलं आहे," ते म्हणाले. "माझा अंगठा मेलाय. माघापासून. त्या म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, अगदी मायेनं विचारलं होतं. मी रीतीचं नाव सांगून खोटं बोललो. लाज वाटली मला." मग त्यांनी पिस्तूल उचललं आणि अंगठ्यानं घोडा ओढून दाखवला. तो निसटला. पुन्हा ओढला. पुन्हा निसटला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

म्हाळू उठला. जवळ येऊन त्यानं पाटलांचा तो अंगठा हातात घेतला, वाकवून पाहिला, सोडला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावलाच नाही. तो गोंधळून म्हणाला, "एवढंच होतं होय? मग दुकानात सांगायचं होतं की, पाटील. पिस्तूल मी धरलं असतं. डबा तुम्ही वाजवला असता."



तात्पर्य: निवड करताना लाजेपोटी स्वतःची उणीव झाकू नये, कारण तिची किंमत आपण मोजत नाही, आपल्या भरवशावर पुढे चालणारा माणूस मोजतो.